धुळाप्पाच्या चौदा शेळ्या

कपाट उघडायच्या आधी त्याच्या दारावर टकटक करणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला. आमच्या कॉलेजातला धुळाप्पा.

जिन्याखाली एक अंधारी खोली आहे. तिच्यात लोखंडी कपाट आहे आणि कपाटात तारांचे झुपके लागलेला एक चपटा डबा. धुळाप्पा कपाटासमोर उभा राहायचा, दोन बोटांनी टकटक करायचा, घसा साफ करायचा आणि म्हणायचा, "मी हाय. धुळाप्पा." मग दोन श्वास थांबायचा आणि मगच किल्ली फिरवायचा.

पहिल्यांदा पाहिलं तेव्हा मी विचारलं, "का रं, आत बाईमाणूस अंघोळीला बसलंय व्हय?"

"न्हाई आक्का," तो म्हणाला, "पन भरल्या घरात एकदम शिरू नये."

अशी माणसं एकतर देवळात असतात, नाहीतर वेड्यांच्या इस्पितळात. हा साताऱ्यात पगारावर होता.

माझं सांगायचं तर मी या कॉलेजात कँटीन चालवते. शाळा चौथीपर्यंत झाली, तीही मेढ्याच्या पलीकडे आमच्या गावात. वाचता येतं, लिहिताना वेळ लागतो. माझ्या कँटीनची भिंत आणि त्या खोलीची भिंत एकच. डबा तापू नये म्हणून खोलीत एसी लावलेला. उन्हाळ्यात दुपारची गर्दी ओसरली की मी तिथे पालथ्या क्रेटवर जाऊन बसायची. दार लोटलं की अंधार. अंधारात हिरवे बारके दिवे, एक लागतोय, एक विझतोय, आणि सगळीकडून एकसारखी घरघर. मला स्वप्नं पडत नाहीत, पडली तरी सकाळी आठवत नाहीत. पण त्या खोलीत जे व्हायचं ती झोपही नव्हे आणि जागही नव्हे. भिंती लांब जायच्या. दिवे जमिनीवर उतरायचे, जोडीजोडीनं बसायचे, आणि कुणीतरी सावकाश रवंथ करतंय असं ऐकू यायचं.

एकदा मी हे धुळाप्पाला सांगितलं. दुसरा कुणी हसला असता.

"करत्यात की," तो म्हणाला. "तुमाला आज ऐकू आलं व्हय?"

धुळाप्पा आटपाडीकडचा धनगर. बाप मेंढरं राखायचा, धाकटा भाऊ अजून राखतो. हा अठराव्या वर्षी पलटणीत गेला. तिथे त्याला आधी तारा ओढायच्या आणि पुढे कॉम्प्युटरच्या कामाला लावलं. हवालदार होऊन पेन्शनीत निघाला आणि आमच्या कॉलेजात लागला. पायात आरशासारखे बूट, इस्त्रीची पँट आणि खांद्यावर काळं घोंगडं. उन्हाळा असो की पाहुणे येवोत, घोंगडं खाली उतरायचं नाही. लग्न केलेलं नव्हतं. विचारलं तर म्हणायचा, "सुट्टीच गावली न्हाई." कॉलेजच्या मागच्या एका खोलीत एकटाच राहायचा आणि भाकरी स्वतः थापायचा. जाड थापायचा. मी एकदा खाऊन पाहिली, पुन्हा खाल्ली नाही.

आता डबा म्हणजे काय ते सांगते, कारण मलाही कुणालातरी विचारावंच लागलं होतं. त्याला स्विच म्हणतात, पण ते दिव्याचं बटण नव्हे. सगळ्या कॉम्प्युटरच्या तारा त्यात येतात आणि कुणाचा निरोप कुणाकडे जायचा ते तो बघतो. असे चौदा डबे आमच्या कॉलेजात तीन मजल्यांवर आहेत. कचेरीच्या कागदावर त्यांना एक ते चौदा नंबर. धुळाप्पानं प्रत्येकावर पांढरी पट्टी चिकटवून नावं लिहिली होती. बोरी, कानी, भोरडी, लाडी. वाचनालयातला डबा महिन्यातून एकदा रुसायचा, ती लंगडी.

प्राचार्य चिडले. "अहो, तपासणीला माणसं येतात. मेंढरांची नावं काय लिहिता?"

"सर, 'सात नंबर बंद हाय' म्हटलं तर कोन जाग्यावरनं हालतंय का? 'कानी पडली' म्हटलं की मानूस पळतंय."

प्राचार्यांनी नंबर लिहायला लावले. त्यानं लिहिले, नावांच्या खाली, मुंगीएवढ्या अक्षरात.

रोज सकाळी तो तिन्ही मजले फिरायचा. प्रत्येक कपाटासमोर उभा राहून नुसतं बघायचा. "मोजलेस का?" असं मी विचारलं तर त्याला अपमान वाटायचा. "धनगर मोजत न्हाई, आक्का. कोन न्हाई ते दिसतंय."

पावसाळ्याच्या तोंडाला माधवनगरहून हुकूम आला. आमच्या संस्थेची मुख्य कचेरी तिकडे सांगलीजवळ, एका बंद पडलेल्या कापडगिरणीच्या आवारात. तिथे अश्विनी नावाची नवी मॅडम आली होती. मी तिला कधी पाहिलं नाही, फक्त फोनवर ऐकलं. आवाज लहान पोरीचा आणि बोलणं सासूचं. तिनं सांगितलं की इथून पुढे साताऱ्याच्या चौदाही डब्यांनी स्वतःच्या मनानं कुणाला आत घ्यायचं नाही. सांगलीला विचारायचं.

मला काही कळलं नाही. धुळाप्पानं चहा पिता पिता समजावलं.

"डब्याच्या आत जाऊन त्याची व्यवस्था बदलायची, तर नाव सांगाय लागतंय आनि एक शब्द सांगाय लागतोय. आजवर ही नावं नि शब्द डब्याच्याच पोटात. मानूस नोकरी सोडून गेला तरी त्याचं नाव चौदा पोटांत तसंच. आता एकच वही, ती माधवनगरच्या सर्व्हरमधी. मी दारात उभा ऱ्हायलो की लाडी मला वळखनार न्हाई. ती सांगलीला विचारनार, ह्यो बाबा आलाय, ह्यो शब्द सांगतोय, घेऊ का आत? सांगली व्हय म्हनली की दार उघडनार."

"आनि सांगली झोपली असंल तर?"

त्यानं कप खाली ठेवला. "आक्का, तुमी पलटनीत पायजे हुता."

"ते ऱ्हाऊ दे. जबाब दे."

"मेंढरांच्या कळपात दोन-चार शेळ्या का पाळत्यात?"

"दुधाला."

"कुनाच्या? मेंढी हुंगल्याबगार कोकराला पाजत न्हाई. आपलं न्हाई असं कळलं की लाथ घालती. एकाद्याची आय मेली, हरवली, तर ते कोकरू शेळीला लावायचं. शेळी हुंगत बसत न्हाई. तशी एकेक शेळी मी चौदा डब्यांच्या पोटात ठेवनार. एक नाव, एक शब्द. सांगलीकडनं जबाबच आला न्हाई, तर शेळीकडं जायाचं."

"आनि सांगली न्हाई म्हनली तर?"

"मग न्हाई म्हंजी न्हाई. आय जित्ती असून नगं म्हनती, तितं शेळी मधी पडत न्हाई."

मी बराच वेळ भजी तळत होते. मग मनात आलं ते विचारलं. "समदी दारं सांगलीतनं उघडाय लागल्यावर साताऱ्यात तुजं काय काम?"

"काय न्हाई."

"मग?"

"मग काय न्हाई. आर्डर हाय."

आणि ते खरंच होतं. काम पुरं झालं की धुळाप्पाला निरोप द्यायचा असं वरून ठरलंही होतं. म्हणजे आपल्याच पानातली भाकरी उचलून दुसऱ्याच्या पानात वाढायची, आणि वर चटणी विसरायची नाही, असं ते काम. तो ते देवाचं काम असल्यासारखं करायला लागला.

पावसाळाभर त्याचं हेच चाललं. साताऱ्याचं धुकं खिडकीतून आत यायचं, वऱ्हांड्यात फिरायचं आणि धुळाप्पा त्यातून लॅपटॉप छातीशी धरून एका कपाटाकडून दुसऱ्याकडे जायचा. लांबून नुसतं घोंगडं तरंगत चाललंय असं दिसायचं. कोवळं कोकरू घ्यावं तसा तो लॅपटॉप धरायचा. त्याचा एक नियम होता. एक दार उघडं ठेवायचं, दुसऱ्या दारानं आत येऊन बघायचं, आणि ते जमलं तरच पहिलं दार लावायचं. "न्हाईतर मानूस भाईर आनि किल्ली आत," तो म्हणायचा.

नियम त्यानं पाळला. प्राचार्यांनी मोडला. लंगडीचं काम अर्ध्यावर असताना धुळाप्पा तार आणायला खाली गेला. तेवढ्यात प्राचार्य पाहुण्यांना वाचनालय दाखवायला आले. टेबलावर उघडा लॅपटॉप दिसला. टापटिपीचे गृहस्थ आहेत ते. त्यांनी तो बंद करून कपाटावर ठेवला.

धुळाप्पा वर आला आणि बघतच राहिला. पहिलं दार लागलेलं. दुसऱ्या दारानं गेला तर लंगडीनं सांगलीला विचारलं आणि सांगली म्हणाली, असला माणूस आम्हाला माहीत नाही. मॅडमनी त्याचं नाव अजून वहीत घातलंच नव्हतं. ती जेवायला गेली होती.

"शेळीकडं जा की," मी म्हटलं. पाहुण्यांचा चहा घेऊन मी तिथेच उभी होते.

"सांगली बोलतीया आक्का. ती बोलतीया तवर शेळी उठत न्हाई."

मग त्यानं सरळ सांगलीकडे जाणारी तार उपटली. वाचनालयातली पोरं एका सुरात ओरडली, कारण सगळ्यांचंच बंद पडलं. सांगली गप्प झाली. धुळाप्पा खालून आणलेल्या तारेनं लॅपटॉप लंगडीला जोडून तिच्यासमोर मांडी घालून बसला, शेळीचा शब्द टाकला आणि आत गेला. पाच मिनिटांत सगळं चालू. पाहुण्यांना वाटलं, हेच दाखवायला आणलं होतं. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

पण मॅडमच्या कानावर ते गेलं. तिनं फोन केला. धुळाप्पा फोन नेहमी टेबलावर ठेवून मोठ्या आवाजात बोलायचा, त्यामुळे मलाही ऐकू यायचं. ती त्याला नाना म्हणायची.

"म्हणजे नाना, मी तुमचं नाव वहीतून काढलं तरी तुम्ही तार काढून कधीही आत जाऊ शकता?"

"व्हय, मॅडम."

"चौदाही डब्यांत?"

"व्हय. शेळ्या माज्याच हायत."

"कसल्या शेळ्या?"

तिला ते समजायला अर्धा तास लागला. समजल्यावर ती म्हणाली, त्या चौदा डब्यांचे चौदा शब्द मला हवेत. वेगवेगळे का ठेवले? एकच का नाही? धुळाप्पा म्हणाला, चौदा दारांना एक किल्ली लावणारा माणूस मी नव्हे. कुठे लिहिलेत? कुठेच नाहीत, डोक्यात आहेत. मग आजच सांगा, म्हणाली. नियम आहे. माणूस जाताना शब्द देऊन जातो आणि ते त्याच दिवशी बदलतात.

"सांगतो की," धुळाप्पा म्हणाला.

आणि सांगेना.

गणपती झाले. "आज कानी तापलीया, तिच्याजवळ बसाय लागंल." पितृपाठ आला. "ह्या पंधरवड्यात शब्द देत न्हाईत." नवरात्र बसलं. "घट बसलेत, मॅडम, उगं हलवाहलव नगं." काम तर सगळं झालं होतं. चौदाही डबे सांगलीला विचारत होते, सांगली व्हय म्हणत होती. अडलं होतं ते या शब्दांवर. शब्द दिले की धुळाप्पा मोकळा, म्हणजे नोकरीतून मोकळा. त्यामुळे सगळे म्हणायला लागले की धनगर हुशार निघाला, चौदा किल्ल्या कनवटीला लावून बसलाय, आता ह्याला कोण हलवतंय? प्राचार्य म्हणाले, मॅडम म्हणाली, आणि मीही म्हटलं. मी तर त्याच्या तोंडावर म्हटलं.

"पगार सुटत न्हाई व्हय रं? तोंडानं आर्डर आर्डर करतोस आनि शेळ्या पदराखाली लपवतोस."

 चहा अर्धा ठेवून उठला. माझ्या कँटीनमध्ये चहा अर्धा ठेवून उठणारा माणूस मला आवडत नाही. पण त्या दिवशी मी तो कप बराच वेळ उचलला नाही.

दसरा झाला आणि दुसऱ्याच सकाळी मॅडमचा फोन आला. त्या दिवशी धुकं इतकं होतं की अजिंक्यतारा कुणीतरी रातोरात उचलून नेला असावा. कँटीनमध्ये आम्ही दोघंच. ती म्हणाली, "नाना, आज शब्द नाही मिळाले तर उद्या मी माणूस पाठवून चौदाही डबे पुसून पुन्हा भरून घेईन. कॉलेज दोन दिवस बंद राहील. पोरांच्या परीक्षा आहेत. ते पाप कुणाच्या डोक्यावर?"

धुळाप्पानं घोंगडं सारखं केलं. "लिवून घ्या," म्हणाला.

"पाठवता का मेसेज?"

"शब्द कागदावर न्हाई आनि मेसेजवर न्हाई. तोंडानं सांगतो. बोरी. दिघंची, दोन."

"म्हणजे?"

"दिघंची ह्यो शब्द. फुडं दोनाचा आकडा. कानी. म्हसवड, तीन. भोरडी. गोंदवलं, एक. दहिवडी, चार. पुसेगाव, दोन."

तिकडे लिहिल्याचा आवाज येत होता. कोरेगाव झालं. मग एका माळाचं नाव, एका ओढ्याचं नाव, साताऱ्याच्या अलीकडचं एक शिवार. हळूहळू माझ्या लक्षात आलं की हे शब्द नव्हेतच, ही वाट आहे. दिवाळी झाली की धनगरांचे वाडे, म्हणजे तांडे, मेंढरं, घोडी, कोंबड्या, पोरंबाळं घेऊन आटपाडीकडून कोकणात उतरतात, ती वाट. आकडे म्हणजे मुक्कामाच्या रात्री. तो डोळे मिटून सांगत होता. त्याचा आवाज बदलला होता, चालत चालत बोलणाऱ्या माणसासारखा झाला होता. बाहेर धुक्यात काहीच दिसत नव्हतं आणि मला उगाच घुंगरं ऐकू आल्यासारखी वाटली. लहानपणी आमच्या शिवारात ती अशीच आधी ऐकू यायची, मेंढरं मागून दिसायची.

"धा नंबरची. मेढा, दोन."

"अकरावा?" मॅडम म्हणाली. "लाडी. तिसरा मजला."

धुळाप्पा थांबला.

"नाना? अकरावा?"

त्याचे ओठ हलले, आवाज आला नाही. मी म्हटलं, इसरला असंल. पण विसरलेला माणूस असा दिसत नाही. मग त्यानं टेबलावर सांडलेल्या चहात बोट बुडवलं आणि पत्र्यावर मोठ्या अक्षरांत लिहिलं. लिहून त्यानं माझ्याकडे बघितलं.

मी अक्षर लावून मोठ्यानं वाचलं. "उंबराचं वाकण. एक."

"कोण बोलतंय?" मॅडमनं विचारलं.

"कँटीनवाली बोलतीया. लिवून घ्या."

बाकीचे तीन, केळघरापासून पोलादपुरापर्यंतचे, त्यानं भराभर सांगितले. मॅडमनं लिहिलेले चौदा मोजून घेतले. मग म्हणाली, "चांगले शब्द आहेत, नाना. पण ते ठेवता येणार नाहीत. बदलावे लागतील. मी नवे सांगते, तुम्ही एकेका डब्याशी जाऊन टाका."

म्हणून आम्ही निघालो. मी का गेले ते विचारू नका. माझे गुडघे तिसऱ्या मजल्याच्या लायकीचे नाहीत. पण तो एकटा जाईल हे मला बरं वाटेना. एकेका कपाटाशी तो थांबायचा, मॅडम फोनवर आकडे आणि अक्षरं सांगायची, डोकं नाही शेपूट नाही असले शब्द, आणि तो दोन बोटांनी ते टाकायचा. दिघंची गेली. म्हसवड गेलं. दहिवडी गेली.

लाडीशी आल्यावर त्यानं मॅडमला सांगितलं, पाच मिनिटांनी फोन करा. तो खाली फरशीवर बसला. मी भिंतीला टेकले. त्या टोकाला खिडकी आहे. धुकं जरा विरत होतं आणि मेढ्याकडचे डोंगर पाण्यात धरल्यासारखे हलत होते.

"त्यो जागा तुमाला म्हाईत हाय, आक्का," तो म्हणाला. "वाचताना तुमी अडकला न्हाईसा."

"आमच्या गावच्या वाटंवर हाय. वेण्णेच्या वळनाला. का?"

"माज्या पाठची एक भन हुती. सगुना. पाच वर्सांची. त्या वाकनाला मुक्काम पडला आनि तिला ताप भरला. सकाळी उठलीच न्हाई. बांधाच्या कडंला ठेवली. दुपारी वाडा हालला. फुडचा शेतकरी वाट बघत हुता, त्याच्या रानात लेंडीखताला मेंढरं बसवायची हुती. दादा, म्हंजी आमचा बा, म्हनलं, ह्या जाग्याचं नाव कुनी तोंडातनं काडायचं न्हाई. त्या सालापास्नं आमची वाट बी बदलली. दादा गेलं, आय गेली. धाकटा तवा पाळन्यात हुता, त्येला ठावं न्हाई. म्हंजी नाव ठावं असनारा मी एकटा ऱ्हायलो." त्यानं लाडीच्या दिव्यांकडे बघितलं. "बोलायचं न्हवतं, म्हनून हितं ठेवलं. बोटांनी टाकायला कुनी नगं म्हटलं न्हवतं."

"आनि नोकरी?"

"नोकरीचं काय? पेन्शन हाय की मला."

एवढे दिवस मी ह्या माणसाला काय काय बोलले होते ते मला आठवलं. माफी मागायची मला सवय नाही. फोन वाजला. मॅडमनं नवा शब्द सांगितला. त्यानं टाकला आणि शेवटच्या बटणावर बोट ठेवून बसून राहिला.

"दाब," मी म्हटलं. "परवा रईवार हाय. मेढ्याची येष्टी आठाला सुटती. मी येते संगं."

त्यानं बटण दाबलं.

रविवारी आम्ही मेढ्याला उतरलो आणि तिथून वडापनं पुढे गेलो. मी सांगितलं तिथे जीप थांबली. वेण्णा तिथे वळते आणि वळणाच्या पोटात खाचरं आहेत. भात कापायला आलेलं, काही कापून पडलेलं. ऊन कोवळं होतं, नदीवर धुक्याची एक पट्टी राहिलेली, आणि ओल्या पेंढ्यांचा वास सगळीकडे. धुळाप्पा बूट हातात घेऊन बांधावर चढला.

उंबर नव्हता. रस्ता रुंद करताना तोडला असावा. बांधही तेव्हाचे राहिले नव्हते. तो एका बांधानं गेला, परत आला, दुसऱ्यानं गेला. मध्येच थांबायचा, डोंगराकडे बघायचा, नदीकडे बघायचा, अंतर मनात धरायचा आणि पुन्हा चालायचा. मी एका दगडावर बसून राहिले. कुठे ते कळणार नाही हे मला दिसत होतं. त्यालाही दिसत होतं. तरी तो फिरत होता.

खाचरातून एक शेतकरी विळा घेऊन वर आला. चाळिशीचा असेल. "काय हारवलंय का?"

मी माझ्या गावाचं नाव सांगितलं, कुणाची लेक ते सांगितलं. त्यानं मान हलवली, पण त्याचं लक्ष धुळाप्पाच्या घोंगड्यावर होतं. त्याच्या तोंडावर एकदम हसू आलं.

"आवं पावनं, कवा आनताय मेंढरं? आमचं म्हातारं जाईस्तवर म्हनायचं, ह्या वाकनाला पूर्वी धनगर उतरायचा, मग काय झालं कुनास ठावं, यायचंच बंद झालं. नुसतं पोत्यातलं खत घालून घालून रान पार मेलंय बगा. भात निघालं की मोकळंच हाय. बसवा की."

मी तोंड उघडलं. हा कॉलेजातला कॉम्प्युटरचा माणूस आहे, ह्याच्याकडे मेंढरू नाही, कोंबडीसुद्धा नाही, असं सांगणार होते. खोटं मला खपत नाही.

धुळाप्पा माझ्याआधी बोलला. "येतील. दिवाळी झाली की."

"किती राती बसतील?"

"लागतील तेवड्या," धुळाप्पा म्हणाला. "ह्या टायमाला घाई न्हाई."

शेतकऱ्यानं आम्हाला घरी नेलं आणि चहा दिला. गूळ जास्त होता. धुळाप्पानं पूर्ण प्यायला. निघताना शेतकऱ्यानं त्याचा नंबर घेतला आणि त्यानं शेतकऱ्याचा.

वाटेवर वडापची वाट बघत उभे असताना मी म्हटलं, "कबूल करून बसलास. मेंढरं भावाची हायत. तो वाट बदलंल व्हय? वरीस वरीस बोलत न्हाईसा एकमेकांशी."

"बदलंल, न बदलंल. सांगाय तर लागंल त्येला."

"काय सांगशील?"

"आदी जाग्याचं नाव सांगीन. मग बाकीचं."

वडाप आलं. गर्दी होती. मला पुढे जागा मिळाली, तो मागे दाराशी लटकला. घाटवळणाचा रस्ता, इंजिनाची घरघर, कुणाच्या तरी पिशवीत कोंबडं ओरडत होतं. आरशात मला त्याचं तोंड दिसत होतं. ओठ हलत होते. तो काहीतरी पुन्हा पुन्हा म्हणत होता, पहिल्यांदा अडखळत, शब्द अर्ध्यावर गिळत. मी कान दिला नाही. मेढा येईपर्यंत त्याला ते नीट म्हणता यायला लागलं होतं.